बारा व्होल्टांची साक्ष

रक्तपेढीच्या चौदा गाड्यांपैकी सात क्रमांकाच्या गाडीच्या चालकाने मंगळवारी सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळात नोंदपेटी अकरा वेळा बंद केली, असे नोंदपेटीने स्वतःच लिहून ठेवले होते. चालकाचे म्हणणे असे की त्याने पेटीला बोटही लावलेले नाही. एकीकडे नुकतेच बसवलेले, निर्विकार, कुणाचेही मिंधे नसलेले यंत्र. दुसरीकडे एकोणीस वर्षे तीच वाट तुडवणारा, चहा पिणारा, विनोद करणारा, म्हणजे सर्वथा अविश्वसनीय असा मनुष्यप्राणी. या दोघांत खरे कुणाचे मानायचे, हे ठरवायला अधीक्षकांना वेळ लागला नाही. वेळ लागला तो चौकशी समितीची तारीख ठरवायला. ती पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची ठरली.

पेटी साबणाच्या वडीएवढी होती. बर्फाच्या लाद्या भरलेल्या ज्या पेटाऱ्यातून रक्ताच्या पिशव्या रुग्णालयांकडे जात, त्या पेटाऱ्याच्या झाकणावर ती बसवलेली असे आणि आतले तापमान दर मिनिटाला टिपून ठेवी. पेटीला घड्याळ नव्हते, ती फक्त मिनिटे मोजी; त्यामुळे नोंद तुटली की ती किती वेळ तुटली आणि मधल्या काळात रक्त थंड होते की नव्हते हे कुणीच सांगू शकत नसे आणि नियमाप्रमाणे पिशव्या नष्ट कराव्या लागत. तीन आठवड्यांत एक्केचाळीस पिशव्या नष्ट झाल्या होत्या. एकूण एक सात क्रमांकाच्या गाडीतल्या. चालक पेटीची वीज तोडतो, पेटारा उघडा टाकतो आणि भलतीकडे जातो, असा संशय होता. तो सिद्ध झाला की त्याला गाडीवरून काढून गोदामात लेबले चिकटवायला बसवणार होते.

पेटी बनवली होती धाकटीने. चालक तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

या दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या, त्यामुळे धाकटीच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाक्याचे मूल्य आधीच शून्य ठरलेले होते. पेटी बरोबर आहे म्हणावे, तर ती आपली कारागिरी वाचवते आहे. माणूस बरोबर आहे म्हणावे, तर ती आपले नाते वाचवते आहे. अधीक्षकांनी हे अत्यंत सौजन्याने सांगितले.

“मॅडम, पेटीही तुमची, भाऊजीही तुमचेच. तुम्ही काही बोललात तर आम्ही ते धरायचं कसं?”

“मग मी करू तरी काय?”

“पुरावा आणा ना. बोलू नका, पुरावा आणा.”

तिने पुरावा आणला. तिथेच घोटाळा झाला.

प्रथम तिने तशीच एक पेटी प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवली, टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून तिला बारा व्होल्ट दिले आणि सलग चोवीस तास चालवली. एक मिनिटही चुकले नाही. मग व्होल्टेज चौदावर नेले, अकरावर आणले, नऊवर आणले. पेटी लिहीतच राहिली. मोटारीच्या वायरमध्ये अधूनमधून चाळीस व्होल्टांचे उसळते झटके येतात, हे तिने पुस्तकांत वाचलेले होते आणि त्यांना अडवण्यासाठी पेटीच्या तोंडाशी एक चांगला दणकट रक्षक घटकही बसवलेला होता. तिने मुद्दाम झटके देऊन पाहिले. पेटी ढिम्म. म्हणजे पेटी निर्दोष.

मग तिने सात क्रमांकातली पेटी तीन क्रमांकाच्या गाडीत टाकली आणि तीनमधली सातमध्ये आणली. सातमध्ये नोंदी तुटतच राहिल्या, तीनमध्ये नाहीत. मग चालकांची अदलाबदल केली. तीनचा चालक सात क्रमांकावर बसला तेव्हा एकही नोंद तुटली नाही. भाऊजी तीन क्रमांकावर बसले आणि ज्या गाडीत आजवर एकही नोंद तुटली नव्हती, तिथली पेटी पहिल्याच सकाळी नऊ वेळा बंद पडली.

अन्वय आणि व्यतिरेक. जिथे हा माणूस तिथे बिघाड. जिथे हा माणूस नाही तिथे बिघाड नाही. तर्कशास्त्राच्या कुठल्याही परीक्षकाने पैकीच्या पैकी गुण द्यावेत, इतकी ही मांडणी निर्दोष होती. धाकटीने तक्ता तयार केला, त्याच्याकडे दहा मिनिटे पाहिले आणि नाइलाजाने तो अधीक्षकांकडे नेला. अधीक्षकांनी मात्र तो तक्ता दोन्ही हातांनी स्वीकारला.

“शाब्बास. आम्हाला संशय होता, तुम्ही सिद्धच करून दिलंत.”

आग धुराशिवाय असू शकते, धूर दिसतो तो लाकूड ओले असते म्हणून, हे जुन्या तर्कपंडितांना, नैयायिकांना, फार पूर्वीपासून ठाऊक होते. इथले ते ओलेपण, म्हणजे मधली लपलेली अट, शोधायचे कुठे हे धाकटीला कळत नव्हते, आणि अधीक्षकांना ते शोधायचेच नव्हते, कारण धूर त्यांच्या सोयीच्या दिशेने वाहत होता.

त्याच दिवशी एक हुकूम निघाला. चौकशी होईपर्यंत भाऊजींच्या पेटाऱ्यात रक्ताऐवजी मिठाच्या पाण्याच्या पिशव्या ठेवायच्या आणि त्यांनी त्या नेहमीच्या मार्गावरच्या प्रत्येक रुग्णालयाच्या दारापर्यंत नेऊन परत आणायच्या. निरीक्षणासाठी. सुशिक्षित माणसांनी टेबलाभोवती बसून, चहा पीत हा हुकूम लिहिला होता आणि त्याखाली तिघांच्या सह्या होत्या.

रविवारी धाकटी थोरलीकडे गेली. थोरली स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. ती वळली नाही.

“ये. तुझ्या डबड्याने ह्यांना चोर ठरवलं, ते सांगायला आली असशील.”

“ताई, मी तेच शोधतेय…”

“शोध की. तीन आठवडे शोधतेच आहेस. लहानपणी माझा रेडिओ उघडलास, तेव्हाही असंच शोधत होतीस.”

भाऊजी टेबलाशी बसून शेंगा सोलत होते. ते हसले. “अगं, तिला बसू तरी दे. मेहुणीबाई, तुमची पेटी माझ्यावर रुसलीय का? तिला उपाशी-बिपाशी ठेवतो का मी? काही खायला घालायचं असतं का तिला?”

“भाऊजी, खरं सांगा. प्लग काढता का तुम्ही?”

“कुठला प्लग?”

“पेटीचा. बॅटरीकडे जातो तो.”

“तो कुठे आहे, ते तरी दाखवा. अधीक्षकांनीही विचारलं. मी म्हटलं, दाखवा, म्हणजे निदान कळेल तरी मी काय केलंय ते.” त्यांनी एक शेंग धाकटीच्या पुढे सरकवली. “एकोणीस वर्षं झाली. पहिल्यांदाच असं होतंय की मी काय केलं, हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.”

“ह्यांना गोदामात बसवलं ना,” थोरली ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, “तर हे महिन्याभरात आजारी पडतील. तू ते लिही तुझ्या तक्त्यात.”

सोमवारी सकाळी धाकटी सात क्रमांकाच्या गाडीत भाऊजींच्या शेजारी बसली. मागे मिठाचे पाणी. पेटी तिने झाकणावरून काढून, लांब वायर जोडून मांडीवर घेतली होती. पेटीचा छोटा हिरवा दिवा लागलेला होता. पेटी जागी आहे, याची ती खूण. भाऊजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. धाकटी त्यांच्या हातांकडे आणि दिव्याकडे आळीपाळीने पाहत होती, आणि आपण नेमके कुणावर पाळत ठेवून आहोत, हे तिचे तिलाच उमगत नव्हते.

पहिला सिग्नल लाल झाला. भाऊजींनी गाडी थांबवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केले.

“हे काय?”

“काय?”

“इंजिन का बंद केलं?”

“सिग्नल आहे ना. दीड मिनिटाचा आहे हा.”

“बाकीचे करतात का बंद?”

“बाकीच्यांचं मला काय माहीत? मी नवीन लागलो तेव्हा लॅबमधल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, रक्ताला हादरे बसू देऊ नका, पेशी फुटतात. उभ्या गाडीला हादरे कशाला द्यायचे? तेव्हापासून गाडी थांबली की इंजिन बंद.”

“पण भाऊजी, मागे आज मिठाचं पाणी आहे.”

“असू दे. मागे काय आहे, ते हाताला सांगायचं कुणी?”

सिग्नल हिरवा झाला. त्यांनी चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हले आणि सुरू झाले. मांडीवरचा हिरवा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

धाकटीने वेळ टिपून ठेवली. पुढच्या सिग्नलला इंजिन चटकन सुरू झाले. दिवा विझला नाही. त्याच्या पुढच्याला विझला. रुग्णालयाच्या दारात विझला. पेट्रोल पंपावर विझला नाही. दुपारपर्यंत चावी बारा वेळा फिरली आणि दिवा आठ वेळा विझला. इंजिन जेव्हा कण्हत सुरू होई तेव्हाच.

उरलेले तेरा चालक सकाळी इंजिन सुरू करीत ते मार्ग संपल्यावरच बंद करीत. आणि पेटी जोडली जाई ती इंजिन सुरू झाल्यावर, पेटारा गाडीत चढवताना. म्हणजे ज्या एका माणसाला मागच्या पिशव्यांची काळजी होती, त्याच एका माणसाच्या पिशव्या नष्ट होत होत्या. आणि ज्यांना त्यांचे सोयरसुतक नव्हते, त्यांच्या नोंदी स्वच्छ होत्या. हे पाहून माणसाने हसावे की अधीक्षकांच्या टेबलावर जाऊन डोके आपटावे, याबद्दल शास्त्रे मौन आहेत.

पण ‘का’ हे धाकटीला अजून कळलेच नव्हते. पेटी थेट बॅटरीला जोडलेली होती. इंजिन सुरू असो, बंद असो, बॅटरी जागेवरच असते. मग वीज जाते कुठे? क्षणभर कुठेतरी तुटत असणार, असे तिने गृहीत धरले. तुटत असेल तर साठा हवा. तिने अंगठ्याएवढा जाड कपॅसिटर आणला. तो वीज साठवून ठेवतो आणि ऐन वेळी सोडतो. बोर्डावर एवढ्या जाडजूड वस्तूला जागा एकाच ठिकाणी होती: वायर जिथून आत येते तिथे, अगदी दाराशी. तिने तो तिथे जोडला. टेबलावर पेटी सुरू केली आणि सप्लायची वायर उपटली. पेटी दीड सेकंद जगली. इंजिन सुरू व्हायला अर्धा सेकंद पुरतो. तिने वीस वेळा वायर उपटली. वीसही वेळा पेटी जगली. मंगळवारी संध्याकाळी तिने थोरलीला फोन करून सांगितले की काम झाले.

बुधवारी पहिल्याच सिग्नलला दिवा विझला.

दुपारपर्यंत सात वेळा विझला. कपॅसिटर बदलून पाहिला, सांधे पुन्हा डाखले, वायर बदलली. टेबलावर पेटी मरत नव्हती आणि गाडीत जगत नव्हती. धाकटी गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसून राहिली. टेबल आणि गाडी या दोन वेगळ्या सृष्टी आहेत आणि त्यांचे भौतिकशास्त्रही वेगवेगळे आहे, अशा निष्कर्षाला ती जवळजवळ आली होती.

“मेहुणीबाई,” भाऊजी हळूच म्हणाले, “माझंच काही चुकत असेल का? म्हणजे मी नकळत काही करतोय का?”

या प्रश्नाने तिला जेवढे घाबरवले तेवढे समितीनेही घाबरवले नव्हते.

गुरुवारी भाऊजींनीच तिला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ठिणगीकडे नेले. ठिणगी म्हणजे मोटारींच्या वायरिंगचे काम करणारा साठीचा गृहस्थ. त्याचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठेच वापरात नव्हते. त्याने धाकटीचे सगळे ऐकून घेतले, पेटी उघडून पाहिली आणि टेस्ट लॅम्पचे दोन चिमटे पेटीच्या वायरींना लावले. टेस्ट लॅम्प म्हणजे साधा मोटारीचा बल्ब आणि दोन वायरी.

“बाई, दिव्याकडे बघा. साहेब, मारा चावी.”

भाऊजींनी चावी फिरवली. इंजिन कण्हले. बल्बचा पांढरा उजेड तांबूस झाला आणि पुन्हा पांढरा झाला.

“विझला का?”

“नाही.”

“मग काय झालं त्याला?”

“मंद झाला.”

“आणि तुम्ही टेबलावर काय करत होता? वायर उपटत होता. वायर उपटली की दिवा विझतो. इथे उपटली का कुणी?”

“नाही, पण…”

“पण नाही नि बिण नाही. स्टार्टर म्हणजे बकासुर. तो बॅटरीचं खातो, आणि बॅटरीला जे जे काही जोडलंय त्याचंही खातो. तुम्ही तुमचा तो जाड्या उंबऱ्याबाहेर ठेवलाय. आधी तोच खाल्ला त्याने.”

धाकटीने बोर्ड हातात घेतला. कपॅसिटर आणि बाकीचा बोर्ड यांच्या मध्ये एक डायोड होता. वायरी उलट जोडल्या गेल्या तर पेटी जळू नये म्हणून तिनेच बसवलेला. तो विजेला आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. तिचा साठा या झडपेच्या बाहेर होता. टेबलावर वायर उपटली की साठ्यातल्या विजेला पेटीखेरीज दुसरी वाटच उरत नसे. गाडीत मात्र बॅटरीकडची वाट सताड उघडी होती. बॅटरी खचताच साठा उलट्या पावली तिकडे निघून जाई.

आणि बॅटरी खचत होती सहा व्होल्टांवर. पेटीतल्या चिपला पाच व्होल्ट लागत; ते पुरवणाऱ्या रेग्युलेटरला पाच द्यायला स्वतः जवळजवळ आठ मिळावे लागत. धाकटीने नऊच्या खाली कधी तपासलेच नव्हते, कारण नऊच्या खालची बॅटरी मेलेली असते, हे तिने गृहीत धरले होते. तिच्या लेखी बॅटरी जिवंत तरी असे किंवा मेलेली तरी. अर्धा सेकंद धापा टाकणारी बॅटरी तिच्या कल्पनेतच नव्हती. विजेच्या उधाणासाठी तिने पहारेकरी बसवला होता. ओहोटीचा तिला विसर पडला होता.

तिने कपॅसिटर झडपेच्या आत घेतला. रेग्युलेटर बदलून साडेपाचातही पाच देणारा लावला. मग, खरे म्हणजे सगळ्यात आधी करायला हवी होती ती गोष्ट तिने सगळ्यात शेवटी केली: चिपचे माहितीपुस्तक पुन्हा वाचले. पुस्तकात स्वच्छ लिहिले होते की चिप प्रत्येक वेळी जागी होताना आपण का झोपलो होतो, हे एका छोट्या कप्प्यात नोंदवते: वीज नव्याने आली, की असलेली वीज खाली घसरली. धाकटीच्या प्रोग्रॅमने तो कप्पा कधी उघडलाच नव्हता. चिप जागी झाली की तो सरसकट एकच ओळ लिही: ‘पेटी बंद केली.’ साक्षीदाराला कारण ठाऊक होते, तीनही आठवडे. त्याला ते कुणी विचारले नव्हते.

शुक्रवारी समिती आवारात उभी राहिली. सात क्रमांकाच्या गाडीत दोन पेट्या ठेवल्या होत्या: एक जुनी, फक्त तो कप्पा वाचायला शिकवलेली, आणि एक दुरुस्त केलेली. भाऊजींनी वीस वेळा चावी फिरवली. जुन्या पेटीने तेरा वेळा लिहिले, ‘वीज घसरली.’ नव्या पेटीने पेटाऱ्याच्या तापमानाखेरीज काहीच लिहिले नाही.

“म्हणजे पेटी सदोष होती?” अधीक्षकांनी विचारले.

“हो.”

“तुमची?”

“माझी. चूक माझीच आहे. लिहून देते.”

अधीक्षकांनी समितीच्या दुसऱ्या सदस्याकडे पाहिले. “मॅडम, अडचण अशी आहे की तुमचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही, हे आधीच ठरलेलं आहे.”

“अहो, मी स्वतःच्या विरुद्ध बोलतेय!”

“पण भाऊजींच्या बाजूने.”

समितीपुढे तेरा ओळी छापील पडलेल्या होत्या, इंजिन नुकतेच वीस वेळा कण्हले होते, आणि तरीही हे सारे कुणाच्या तोंडून ऐकायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता. धाकटीला खरोखरच वाटू लागले की वाक्य खरे असण्यासाठी ते योग्य माणसाने उच्चारलेले असावे लागते आणि ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितलीच नाही.

“आणा इकडे,” मागून ठिणगी म्हणाला. “माझी सही घ्या. मी ह्यांचा कुणी नाही, आणि तुमचाही कुणी नाही.”

त्याने बोनेटवर कागद ठेवून सही केली. सत्य तेव्हा मान्य झाले. समितीने पाच ओळींचा निर्णय दिला: चालकाने हेतुपुरस्सर काही केल्याचे दिसत नाही, चालक गाडीवर कायम, सर्व पेट्या बदलेपर्यंत चालकाने वाटेत अनावश्यकपणे इंजिन बंद करू नये. शेवटच्या वाक्यामुळे भाऊजींना निदान एका गोष्टीबद्दल समज देण्यात आली आणि समितीला आपण पूर्णपणे चुकलो नाही, असे समाधान मिळाले.

आवार रिकामे झाले. दोन माणसांनी पेटारा गाडीत चढवला. या वेळी त्यात रक्त होते. भाऊजी पोचपावतीवर सही करता करता थांबले.

“मेहुणीबाई, त्या एक्केचाळीस पिशव्या होत्या ना. त्या चांगल्या होत्या?”

“हो.”

“थंडच होत्या?”

“थंडच असणार. पेटारा बंदच होता. पेटी दोन सेकंद झोपायची आणि उठायची. तेवढ्यात काही होत नाही.”

“म्हणजे मी खरंच पेटारा उघडा टाकून कुठे गेलो असतो, तर त्या फेकल्या, ते बरोबर ठरलं असतं.”

“हो.”

“आणि मी काहीच केलं नाही, म्हणून ते चूक ठरलं.”

धाकटीने मान हलवली. ते तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेत न कळलेला प्रश्न दुसऱ्यांदा वाचणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

“मग मी सुटलो म्हणून खूश व्हायचं की काय करायचं?”

“मला माहीत नाही, भाऊजी.”

“चिडायचं असेल तर कुणावर?”

“माझ्यावर.”

“तुमच्यावर चिडलो तर तुमच्या ताईचा पक्ष जिंकेल. ते मला परवडणार नाही.” ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिले. “एक्केचाळीस जणांनी दिलं होतं ते. कुणीतरी सुई टोचून घेतली असेल, उगाच.”

त्यांनी पोचपावतीवर सही केली, वरचे रुग्णालयाचे नाव नीट वाचून खिशात ठेवली आणि गाडीत चढले. धाकटी फाटकाशी उभी राहिली. तेरा पेट्या अजून उघडायच्या होत्या, आणि कुठल्या गाडीपासून सुरुवात करावी याचा विचार करताना तिच्या लक्षात आले की रस्त्यावरून गाडीचा आवाज अजून येतो आहे. सिग्नल लाल होता. सात क्रमांकाची गाडी लेखी हुकुमाप्रमाणे थरथरत उभी होती, आणि आत, मागे, पिशव्या थरथरत होत्या.